नवें पाणी आणि नवे मासे



बैठकीच्या खोलींत काचेची पेटी ठेवावी, तींत पाणी भरावें, चार रंगीत मासे सोडावे आणि सायंकाळीं घरांतील लहानथोरांनीं तिच्यासमोर बसावें, ही हौस आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. पालघरहून शाळेच्या मुलांची सहल घेऊन मीही तेथें गेलों आहें. आज बोईसरच्या नव्या इमारतींतून फिरलें तर कितीतरी घरांत अशी लहानशी पेटी दृष्टीस पडते. या हौसेंतील एका चुकीविषयीं मला आज बोलावयाचें आहे. ती चूक मीं स्वतः केली आहे, आणि तिची किंमत सहा मुक्या जिवांनीं दिली आहे.

माझा मुलगा बोईसरला राहतो व तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस आहे. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला, गेल्या जून महिन्यांत, मीं मुंबईच्या बाजारांतून चाळीस लिटर पाणी मावेल एवढी पेटी, हवेचा पंप, स्पंजाची गाळणी आणि सहा सोनेरी मासे घेतले. माशांची पिशवी मांडीवर धरून डहाणूच्या गाडीनें बोईसर गांठलें. त्याच सायंकाळीं पेटी नळाच्या पाण्यानें भरली आणि मासे सोडले. पहिले तीन दिवस आनंदाचे गेले. नात दिवसांतून चार वेळां खाणें टाकी. मासे खात आणि ती हंसे. चौथ्या दिवशीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं लागले. मीं पेटी रिकामी केली, वाळू आणि स्पंज नळाखालीं खळखळून धुतले व सारें पाणी नवें भरलें. दोन दिवस बरे गेले. पुन्हा तोच प्रकार. पुन्हा धुणें, पुन्हा भरणें. बारा दिवसांत सहाही मासे गेले. शेवटचा मासा मी कागदांत गुंडाळीत असतां नातीनें विचारलें, “आजोबा, पाणी तर इतकं स्वच्छ होतं. मग मासे कां मेले?”

छत्तीस वर्षें मीं शिक्षकाचें काम केलें. सातवीच्या वर्गास नत्राचें चक्र किती वेळां शिकविलें, त्याची गणती नाहीं. हवेंतील नत्र, वालाच्या मुळांवरील गांठी, शेणखत, पीक आणि पुन्हा माती, असे बाण वर्षानुवर्षें फळ्यावर काढले. तरी नातीच्या प्रश्नाला मला उत्तर देतां आलें नाहीं.

उत्तर त्या रात्रीं मुलानें दिलें. तो कारखान्यांत सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाक्यांवर काम करतो. जेवतांना तो म्हणाला, “बाबा, आमची नवी टाकी सुरू केली तेव्हां पहिल्या दिवशीं सगळं सांडपाणी सोडलं नव्हतं. दुसऱ्या चालू टाकींतला गाळ आणून टाकला, थोडं थोडं पाणी सोडत गेलों, तेव्हां कुठं महिन्याभरानं टाकी नीट काम करूं लागली. आपण तर पहिल्याच दिवशीं सहा मासे सोडले.” मग थोडें थांबून म्हणाला, “रोज माझं हेंच काम, पण घरची पेटी पाहून मलाही सुचलं नाहीं.”

टाकी काम करूं लागते म्हणजे काय, तें सांगतों. मासा अन्न खातो आणि त्यांतील प्रथिनांचें नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटें अमोनियाच्या रूपानें पाण्यांत टाकतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदींत, तळ्यांत, वसईकडील जुन्या बावखलांत हा अमोनिया सहसा सांठून राहत नाहीं; कारण तेथील चिखलावर, दगडांवर आणि पाण्यांतील पानांवर असंख्य सूक्ष्म जंतु चिकटून बसलेले असतात. त्यांपैकीं कांहीं अमोनियाचें नायट्राइट करतात, व कांहीं त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशाला विष होत. तिसरा थोड्या प्रमाणांत निरुपद्रवी असून वनस्पतींचें तर अन्नच आहे. नव्या पेटींत काच, वाळू, स्पंज, सारेंच नवें. हे जंतु तेथें जवळजवळ नसतातच. अमोनियाला रंग नाहीं आणि नायट्राइटालाही नाहीं. म्हणून पाणी आरशासारखें दिसतें आणि मासा त्यांत तडफडतो.

या जंतूंना वेळ द्यावा लागतो, हें फार पूर्वींच दिसून आलें आहे. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनीं गटाराचें पाणी वाळू व चुनखडी यांच्या थरांतून झिरपविलें. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खालीं आला. त्यानंतर नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्म सोडतांच ती क्रिया बंद पडली, तेव्हां हें काम सजीवांचें आहे असें ठरलें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यानें हे जंतु वेगळे काढून, काम दोन टप्प्यांनीं होतें हें दाखविलें. माशांच्या पेटींत दुसऱ्या टप्प्याचें काम मुख्यतः नायट्रोस्पिरा नांवाचे जंतु करतात, ही गोष्ट गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कळली. आणि दोन्ही टप्पे एकट्यानें पार पाडणारे जंतु २०१५ सालीं उजेडांत आले. शास्त्र असें पुढें गेलें आहे, परंतु जंतूंना वाढण्यास वेळ हा लागतोच. मी मात्र दर दोन-तीन दिवसांनीं स्पंज क्लोरिनयुक्त पाण्याखालीं धूत होतों; म्हणजे जे थोडे जंतु जमले असतील ते घालवून दर वेळीं पुन्हा पहिला दिवस सुरू करीत होतों.

साधारण क्रम असा असतो. पहिल्या आठवड्यांत अमोनिया चढतो. मग पहिल्या टप्प्याचे जंतु वाढतात, अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढूं लागतें. पाहणाऱ्यास वाटतें कीं संकट टळलें. पण नायट्राइट माशाच्या रक्तांत शिरून त्याची प्राणवायु वाहण्याची शक्ति घालवितें. रक्त तपकिरी होतें, आणि हवेचा पंप चालू असतांही मासा धापा टाकतो. चार ते सहा आठवड्यांनीं दोन्ही विषें शून्यावर येतात व नायट्रेट तेवढें वाढत जातें. तेव्हां पेटी तयार झाली असें समजावें.

यांत पाण्याचा गुणही पाहावा लागतो. पीएच नांवाचें जें माप रसायनशास्त्रांत वापरतात, त्यावर पाणी ७ असेल आणि उष्णता २५ अंश असेल, तर शंभर भाग अमोनियांपैकीं एका भागाहूनही कमी विषारी रूपांत असतो. तेंच माप ८ वर गेलें कीं सुमारें पांच भाग विषारी होतात. उष्णता वाढली कीं हें प्रमाण आणखी चढतें. तेव्हां विहिरीच्या जड पाण्यानें पेटी भरणाऱ्यानें, आणि वैशाखाच्या उकाड्यांत मासे आणणाऱ्यानें, अधिकच सावध असावें.

मासे आणण्यापूर्वीं पेटी तयार करणें हाच उत्तम मार्ग. पाणी भरून पंप चालू ठेवावा, रोज चिमूटभर खाणें पाण्यांत कुजूं द्यावें आणि महिना-दीड महिना वाट पाहावी. परंतु बहुतेक घरीं मासे आधीं येतात व माहिती मागून येते. अशा वेळीं मासे थोडे ठेवावे, आणि सोनेरी मासे तर ठेवूंच नयेत. ते फार खातात व फार घाण करतात. खाणें एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढेंच द्यावें. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब बाजारांत मिळतात. त्यांनीं रोज पाणी तपासावें. दोहोंपैकीं कोणतेंही लिटरास पाव मिलिग्रॅमवर गेलें कीं चौथा हिस्सा पाणी बदलावें, मग तें रोज बदलावें लागलें तरी कंटाळूं नये. बदलावयाचें नळाचें पाणी आदल्या दिवशीं उघड्या बादलींत भरून ठेवावें, किंवा क्लोरिन घालविण्याचे थेंब त्यांत टाकावे. नायट्राइट चढलें असतां दहा लिटरांस एक ग्रॅम साधें मीठ घातल्यास तें माशाच्या रक्तांत शिरण्यास अडथळा होतो. स्पंज धुवावयाचाच झाला तर पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलक्या हातानें पिळावा. आणि शक्य असल्यास ओळखीच्या घरच्या जुन्या, निरोगी पेटींतील गाळणीचा तुकडा मागून आणावा. कारखान्यांत गाळ आणून टाकतात, त्यांतलाच हा प्रकार.

आम्हीं दुसरा प्रयत्न गणपति झाल्यावर केला. पालघरला माझ्या एका जुन्या स्नेह्यांकडे आठ वर्षें चाललेली पेटी आहे. त्यांच्याकडे मीं स्पंजाचा काळपट, गाळानें भरलेला तुकडा मागितला, तेव्हां त्यांस हंसूं आलें. तो त्याच पेटीच्या पाण्यांत बुडवून डब्यांत घातला आणि उमरोळी ओलांडून बोईसरला आणला. मासे या वेळीं तीनच, तेही गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातें हौदांत सोडतें तेच. नातीनें वहींत तीन रकाने आंखले. पांचव्या दिवशीं अमोनियाच्या नळींतील पिवळ्या रंगावर हिरवट छटा आली. आम्हीं दहा लिटर पाणी बदललें. दहाव्या दिवशीं नायट्राइटाचा आकाशी रंग जांभळा झाला. पुन्हा दहा लिटर, आणि दुसऱ्या दिवशींही दहा लिटर. त्या रात्रीं वादळी पाऊस होऊन वीज गेली आणि पंप थांबला. मासेच नव्हेत, तर हे जंतुही हवेवांचून जगत नाहींत. मुलगा आणि मी आळीपाळीनें दोन तास पेल्यानें पाणी वर उचलून पुन्हा पेटींत ओतीत बसलों. तेविसाव्या दिवशीं पहिल्या दोन रकान्यांत शून्य पडलें.

तिन्ही मासे जिवंत आहेत. पण एकाच्या शेपटीचा कांठ त्या दिवसांत झडला, तो अजून पुरता भरला नाहीं. गप्पी चिवट असतो, त्याला कांहीं होत नाहीं, असें लोक म्हणतात. चिवट मासा लवकर मरत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. विष त्यालाही सोसावेंच लागतें. आपली पेटी तयार होईतों हें सोसणें माशाच्या वांट्याला येतें, म्हणून तें कमींत कमी करणें हें पेटी आणणाऱ्याचें कर्तव्य आहे.

नातीच्या प्रश्नाला मीं अखेर उत्तर दिलें. म्हटलें, “बाळ, पाणी स्वच्छ होतं, पण त्यांत काम करणारं कोणी नव्हतं. आणि जे येऊं पाहत होते त्यांना मीच धुवून टाकत होतों.” तिनें तें ऐकून घेतलें. पुढील महिन्यांत आणखी दोन मासे आणावयाचे ठरलें आहे. कारण जंतु तीन माशांपुरतेच वाढलेले आहेत, त्यांना पुन्हा वेळ दिला पाहिजे. दोनच कां, असें तिनें विचारलें नाहीं. तिनें वहींत नवे रकाने आंखून ठेवले आहेत.