गळ, कार्प मासा आणि सुटीचा दिवस



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "धरणावर कार्प मासा धरण्याचा एक दिवस" असे लिहून कळवले. पत्र दुसऱ्याच कुणाचे आपल्याकडे आले, असे त्यांना वाटले असावे. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर आणि बोनसवर बोलावे अशी रीत पडून गेली आहे. त्या विषयांवर आम्ही बाराही महिने बोलतो. आज मासे.

जागा उजनीची. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. मागे जे पाणी अडले त्याला यशवंतसागर म्हणतात. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की भिगवणला त्याचा काठ लागतो. थंडीत तेथे रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला पुण्यामुंबईची मंडळी दुर्बिणी घेऊन येतात. आम्ही गेलो तो दिवस गुरुवार होता. पिंपरी-चिंचवड भागात विजेच्या वाटपामुळे पुष्कळ कारखान्यांची सुटी गुरुवारी पडते. एका जुन्या जीपमध्ये सात जण, त्यांत दोघे कंत्राटी कामगार, सात काठ्या, डबे, आणि पायांशी शेंगदाण्याच्या पेंडीचे पोते. काठावरच्या मच्छीमारांना विचारून, त्यांच्या जाळ्यांपासून दूर अशी जागा आम्ही धरली.

गळ टाकणाऱ्याला कार्पचा स्वभाव आधी शिकावा लागतो. या कुळातल्या माशाच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात. खाद्य तो चावत नाही, ओढून तोंडात घेतो, चाचपतो, आणि संशय आला तर थुंकून टाकतो. म्हणून नवखा माणूस तरंगता देठ जरा हलला की काठी उपसतो आणि रिकामा गळ हवेत नाचवतो. आम्ही मोरपिसाचा देठ तंगुसाला बांधतो. मासा तळाशी खाद्य उचलतो तेव्हा हा देठ बुडण्याऐवजी कधी कधी वर येऊन आडवा पडतो. तो आडवा पडून एका बाजूला सरकू लागला की मग मनगटाचा झटका. कणकेत भाजलेल्या डाळीचे पीठ आणि थोडी पेंड मळून सुपारीएवढी गोळी करायची. ती फार मऊ झाली तर पाण्यात विरते, फार घट्ट झाली तर गळाचे टोक माशाला लागत नाही. हे मळणे कारखान्यातल्या साच्याच्या कामाइतके नाजूक आहे, असे आमच्यातला एक साचेकार म्हणाला, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या गोळ्या त्यानेच मळल्या.

उजनीत कटला, रोहू, मृगळ मिळतात. कटल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो आणि आमच्या गोळीकडे सहसा फिरकत नाही. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तीन मजले आणि तीन बिऱ्हाडे, म्हणा ना! गंमत अशी की या तिघांपैकी एकही मूळचा भीमेचा नव्हे. ते उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते विणत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. पूर्वी उत्तरेकडच्या नद्यांच्या पुरातून त्यांचे बीज गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून तळ्यातच अंडी घालवून घेण्यात यश आले, आणि देशभर बीज पुरवण्याचा मार्ग मोकळा झाला. तो दिवस आज मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. चौथा सायप्रिनस, तोंडाशी चार मिशांचा, तर परदेशचा. त्याची एक जात १९३९ साली सिलोनहून निलगिरीत आली, दुसरी १९५७ साली बँकॉकहून. चाकणच्या कारखान्यात बिहारचा आणि ओडिशाचा कामगार पाहून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या ताटातला रोहू कोठला, हे एकदा विचारून पाहावे.

सकाळी दहापर्यंत काहीच लागले नाही. साडेदहाच्या सुमारास आमच्यातल्या एका कंत्राटी पोराचा देठ आडवा पडून सरकला. त्याने झटका दिला आणि काठी धनुष्यासारखी वाकली. सायप्रिनस ओढ घेतो तो उसळी मारून नव्हे, खाली मुंडी घालून खोल पाण्याकडे, बैलाने दावे ओढावे तसा. जोर केला की तंगूस तुटते, ढिले सोडले की तो गवतात शिरतो. पोरगा वीस मिनिटे घामाघूम होत होता आणि बाकीचे सहा जण सहा प्रकारचा सल्ला देत होते. कामगार सभेत होते तेच! शेवटी मासा जाळीत आला. तीन किलोला थोडा कमी, अंगावर सोनेरी तांबूस झाक. त्याचा एक खवला काढून आम्ही उन्हात धरला. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळे खवल्यात असतात, त्यांवरून वय ताडता येते.

त्या पोराला आम्ही सहज म्हटले, "आजचा दिवस सार्थकी लागला बाबा तुझा." तो म्हणाला, "साहेब, आज माझा रोज बुडाला. हा मासा बाजारात विकला तरी तेवढे पैसे येत नाहीत."

मंडळी, आठवड्याची सुटी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्या काळी कामगार पहाटे गिरणीत शिरत आणि दिवेलागणीला बाहेर पडत. ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. अर्ज झाले, सभा झाल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, तेव्हा कामगाराच्या मनालाही तो पटणारा होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि एक दिवस सुटीचा ठरवला. परंतु त्या दिवसाचा पगार द्यावा, असे सुटीच्या त्या कलमात नव्हते. महिन्याच्या पगारदाराला त्याचे काही वाटत नाही. रोजंदारीवाल्याची सुटी मात्र त्याच्याच खिशातून जाते. म्हणून आमची कंत्राटी पोरे गुरुवारीसुद्धा दुसरीकडे कुठे तरी माल चढवायला जातात. गळ टाकून चार तास पाण्याकडे बघत बसणे ही चैन आहे, असे त्यांना वाटते. आम्हांला ते वाटणे मोडायचे आहे. कामगाराला रिकामे बसण्याचा हक्क नाही, असे कोणी म्हटले की आम्हांस राग येतो. आणि ते कामगारच म्हणू लागला तर झोप येत नाही.

दुपारी एक होडी आमच्याजवळून गेली. नवरा जाळे आवरीत होता, बायको वल्हे मारीत होती. आम्ही विचारले, "मावशी, तुम्हांला आठवड्याची सुटी असते का हो?" बाई हसली. "जाळं रोज पान्यात. मासा गावला न्हाई, की सुटीच की!"

मग होडी काठाला लागली आणि चहा झाला. जाळ्यासाठी आणि होडीसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली, तेव्हा मासळी त्यालाच घालायची, भाव तो सांगेल तो. उचल फिटत नाही म्हणून काहीजण बारीक आसाचे जाळे टाकतात, आणि बोटाएवढी पिल्ले त्यात येतात. या वर्षी जे पोरसवदा मारले, ते पुढच्या वर्षी तीन किलोचे कोठून मिळणार? हे त्या माणसाला आमच्याहून चांगले कळत होते. तो म्हणाला, पूर्वी रोहू-कटल्याने होडी जड व्हायची, आता जाळ्यात चिलापीच जास्त. पाण्याचा वासही बदलला. त्याने बोलता बोलता वरच्या अंगाला हात केला. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेस मिळते आणि भीमा दौंडवरून उजनीत उतरते. मंडळी, आपल्या पुण्याच्या मोऱ्यांचे पाणी शेवटी जाते ते या बाईच्या वल्ह्याखाली. पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी दुर्बीण कधी पाण्याकडेही वळवावी.

संध्याकाळपर्यंत दोन मृगळ आणि एक लहान रोहू लागला. रोहू आम्ही परत सोडला. पोराने आपला सायप्रिनस विकला नाही, घरी नेला. आई खूश झाली, असे दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले.

पुढल्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांच्या साप्ताहिक सुटीचा पगार हे कलम आम्ही सातव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आणले. पहिल्या बैठकीत व्यवस्थापनाच्या बाजूने एका गृहस्थांनी विचारले, "पगारी सुटी घेऊन ही पोरे करणार काय?" आमच्या बाजूला तो साचेकार बसला होता. तो म्हणाला, "कणीक मळतील." त्या गृहस्थांना अर्थातच काही कळले नाही. कलमावर बोलणी चालू आहेत.