गाळ कुठे टाकणार?

(ग्रामसभा कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज ओडिशातल्या सुकिंदाची गोष्ट सांगतो. जाजपूर जिल्ह्यातलं हे खोरं. देशातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट तिथंच आहे. खाणींत साठलेलं पाणी उपसून दमसाला नाल्यात सोडतात. नाला पुढे ब्राह्मणी नदीला मिळतो. काठावर आपल्यासारखीच आदिवासी गावं आहेत.

त्या पाण्यात क्रोम असतो. तो मातीसारखा तरंगत नाही, मिठासारखा विरघळलेला असतो. फडक्याने गाळा, उकळा, तुरटी फिरवा, हा विषारी क्रोम जात नाही. थोडा असला तर रंगही दिसत नाही. त्याने कॅन्सर होऊ शकतो. पिण्याच्या 1 लिटर पाण्यात 0.05 मिलिग्रॅमच्या वर क्रोम चालत नाही.

यावर उपाय आहे. पाण्यात हिराकस टाकतात. त्यातल्या लोखंडामुळे विषारी क्रोमचं सौम्य रूप होतं. हे रूप विरघळून राहत नाही. दूध फाटल्यावर चोथा वेगळा होतो ना, तसा लोखंड-क्रोमचा तपकिरी गाळ तळाशी बसतो. 1 ग्रॅम क्रोमला हिशेबाने 16 ग्रॅम हिराकस पाहिजे. पाणी आंबट असेल तर चुनाही पाहिजे, नाहीतर गाळ बसत नाही. औषधात काटकसर केली की विष सरळ नाल्यात.

वरचं पाणी स्वच्छ झालं. पण क्रोम गेला कुठे? गाळात! औषधाने धातू मरत नाही, जागा बदलतो. गाळ उघड्यावर टाकला तर मातीतल्या मँगनीजच्या संगतीने तो पुन्हा विषारी होऊ शकतो.

कातडी कमावणारे काही कारखाने मॅग्नेशियम ऑक्साइडने क्रोम खाली बसवतात, गाळ आम्लात विरघळवतात आणि तोच क्रोम पुन्हा वापरतात. म्हणजे गाळाचाही माल होतो. खर्च करायची तयारी पाहिजे.

उद्या आपल्या डोंगरात खाणीची गोष्ट निघाली, तर साहेब स्वच्छ पाण्याचा ग्लास दाखवतील. ग्लास बघून मान हलवू नका. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तीन गोष्टी विचारा. रोज किती पाणी, किती औषध, त्याची वही दाखवा. पावसाळ्यात ढिगाऱ्यावरून वाहणारं पाणी टाकीत येतं की नाल्यात? आणि गाळ कुठे टाकणार?

उत्तर लेखी घ्या, ठरावाला जोडा. तोंडी उत्तर पावसात वाहून जातं.

जिंदाबाद!