रबरी होडी आणि आपली वस्ती
(वस्तीतल्या पोरांच्या पूर-शिबिरात केलेलं भाषण)



मी इथं भाषण ठोकायला आलेलो नाही. समोर ताडपत्रीवर जी रबरी होडी घडी करून ठेवलीय, ती तुम्हाला फुगवता आणि चालवता आली पाहिजे, एवढ्यासाठी आलोय.

पूर सगळ्यांना सारखा, असं म्हणतात. साफ खोटं. गावठाण उंचावर, आपली वस्ती ओढ्याकाठी. पाणी आधी आपल्या उंबऱ्यात, आणि होडी सगळ्यात शेवटी. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच महाडात जुलै २०२१मध्ये सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. पाण्यावरचा हक्क आपण लढून घेतला. पाण्यातून जिवंत बाहेर पडायचा हक्कही कोणी ताटात वाढून देणार नाही.

पण नुसत्या रागानं होडी फुगत नाही. २०१९च्या पुरात मी स्वतः माती खाल्ली. पायपंप हळू चालत होता, पाणी चढत होतं. मी ओरडलो, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणा! दोन मिनिटांत सांधा उकलला. होडी गेली. आपली माणसं रात्रभर शाळेच्या स्लॅबवर भिजत बसली. दोष सरकारचा नव्हता, माझा होता.

ट्रकच्या टायरला शंभर पौंडांच्या आसपास हवा लागते. असल्या होडीच्या बाजूच्या नळ्यांना बहुधा ०.२ ते ०.२५ बार, म्हणजे तीन-साडेतीन पौंड. होडीवर आकडा छापलेला असतो, तोच खरा. मोजायला गेज लावा, अंदाज नको.

आधी जागा झाडा. काच, खिळा, खडा उचला. होडीत वेगवेगळे कप्पे असतात, म्हणजे एक फाटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. एकच कप्पा गच्च भरू नका. मधल्या पडद्यावर ताण येतो. सगळे आधी अर्धे भरा, मग फेरी मारत पुरे करा. व्हॉल्व्हवर आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की गळती. तापल्या डांबरावर फुगवलेली होडी ठेवू नका, उन्हानं आतली हवा फुगते. गार पाण्यात उतरली की दाब घटतो. पुन्हा गेज लावून हवा द्या.

आता माणसं. ८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. पुरातून माणसं काढणारी बोटच उलटली. पेलवतील त्याहून जास्त माणसं बसली होती. बायापोरं बुडाली. बोट कसलीही असो, हिशेब तोच. किती माणसं, किती वजन, ते पाटीवर लिहिलेलं असतं. वल्ही मारणारे आपले दोघंही त्याच आकड्यात धरा. 'अजून एकाला घ्या रे' म्हणून आई रडेल. तेव्हा नाही म्हणायला छाती लागते. नाही म्हणा, आणि 'परत येतो' म्हणा. आणि परत या.

लाईफ जॅकेट आधी, मग पाय होडीत. कोणी उभं राहायचं नाही, वजन दोन्ही बाजूंना सारखं. दोर कुणाच्या अंगाला बांधू नका. होडी अडकली की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरतो. बुडालेलं कुंपण, पत्रे, झाडाच्या फांद्या यांपासून लांब. विजेची तार दिसली की लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पुढं जायचं नाही. इंजिन असेल तर पाण्यातल्या माणसाजवळ ते बंद करा. पंखा हात-पाय कापतो. कप्पा फाटलाच तर माणसं दुसऱ्या बाजूला सरकवा आणि काठ धरा.

शेवटची गोष्ट कागदाची. कोणाच्या घरात म्हातारी आहे, कोण गरोदर आहे, कोणाला चालता येत नाही, त्याची वही पावसाआधी करा. फेऱ्या त्या वहीनं लागतील. आडनावानं नाही, पुढाऱ्याच्या फोननं नाही. आणि वरच्या आळीचा माणूस बुडताना दिसला तर? त्यालाही काढायचं. त्यांनी आपल्याशी केलं ते आपण केलं, तर हे शिबिर कशाला?

चला. पायपंप कोण घेतो? गेज कोणाच्या हातात? सुरू करा.