अंतर ठेवायचे, पण कुठे?

(रायगड किनाऱ्यावरील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



३ जून २०२० हा दिवस इथे बसलेली एकही बाई विसरली नसेल. कोरोनाची साथ चालू होती आणि त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. मार्चपासून आपल्याला सांगितले जात होते, एकमेकींपासून लांब राहा. त्या दिवशी जीव वाचवायला आम्ही शाळेच्या एका खोलीत दाटीवाटीने बसलो, दारे-खिडक्या लावून. वादळ गेले तेव्हा घरांवर पत्रे नव्हते. ज्यांचे छप्पर शाबूत, त्यांच्याकडे दोन-तीन कुटुंबे राहिली. अंतर ठेवायचे, पण कुठे?

म्हणून अंतर आणि मास्क निरुपयोगी, असे मात्र कुणी समजू नये. बोलताना, खोकताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब जवळच पडतात, म्हणून लांब उभे राहिले की धोका कमी होतो. पण अगदी बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. तिथे नुसते अंतर पुरत नाही. खिडकी उघडी हवी आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा. पदर तोंडावर ओढला तर कडेने हवा जातेच.

बांगलादेशात २०२०-२१ मध्ये सुमारे ६०० गावांत याची पाहणी झाली. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, ते का लावायचे हे समजावले. वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. जिथे सर्जिकल मास्क दिले, तिथे लक्षणे असलेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी घटली. साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. त्या गावांत अंतर पाळणारेही थोडे वाढले होते. म्हणजे मास्क हा जादूचा ताईत नाही, पण म्हाताऱ्या माणसांचा आधार नक्की आहे. आणि तो लोकांनी लावला, कारण तो हातात आणून दिला.

आपल्याकडे काय झाले? मासळी विकणारीचा मास्क भाव करताना खाली येतो. घामाने, पाण्याने भिजला की श्वास घेववत नाही. बदलायला दुसरा नसतो. तिला बेशिस्त म्हणून दंडाची भीती घातली गेली. घरी आजारी माणसाचे करणारीही तीच. रुग्णाने आणि सेवा करणारीने, दोघांनीही मास्क लावायला हवा. पण नवऱ्याला “आधी तुम्ही लावा” म्हणायची हिंमत आपल्यापैकी किती जणींना झाली? मला स्वतःला चार दिवस लागले.

पुढचे वादळ येणार आहे, पुढची साथही. तेव्हा ग्रामसभेत आत्ताच मागू या: निवाऱ्यासाठी जास्त खोल्या, वादळ ओसरताच उघडता येतील अशा समोरासमोर खिडक्या, मास्कचा फुकट साठा, मासळी बाजारात ऐसपैस ओटे आणि पाणी. अंतर ठेवा, हे सांगणाऱ्यांनी आधी जागा द्यावी.