‘खाऊ’ म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. परदेशी पार्सल पाठवताना पोस्टाला जी माहिती द्यावी लागते, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. कवी माणसाने या फॉर्मांच्या भानगडीत कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण मी मीरा रोडला राहतो. आमच्या भागात ज्या घरातला मुलगा, जावई, बहीण किंवा भाचा दुबईला, दोहाला, लंडनला नाहीतर टोरांटोला नाही, असं घर शोधावं लागतं. कोकणातली माणसं आधी मुंबईत आली. मग मुंबईतल्या खोल्या पुरेनाशा झाल्या, काहींना १९९२-९३ नंतर त्या नकोशा झाल्या, तेव्हा ती इकडे मिठागरांच्या शेजारी राहायला आली. त्यांची मुलं इथून विमानात बसली. माणूस गेला की त्याच्या मागोमाग पार्सल जातंच. आणि इमारतीत मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिहिणारा, शिवाय दुपारी घरी सापडणारा मनुष्य मी एकटाच, म्हणून फॉर्म माझ्याकडे येतात.

पूर्वी हे काम सोपं होतं. मांजरपाटाचं कापड आणायचं, दाभणाने पार्सल शिवायचं, टाक्यांवर लाखेचे ठिपके द्यायचे आणि पत्ता ठळक लिहायचा. आत काय आहे हे एका हिरव्या चिठ्ठीवर नोंदवायचं. बहुतेक लोक तिथे एकच शब्द लिहीत, ‘गिफ्ट’. पार्सल जहाजाने किंवा विमानाने परमुलखात पोचायचं, तिथल्या कस्टमवाल्याला शंका आली तर तो टाके उसवून बघायचा. आधी वस्तू पोचायची, प्रश्न मागाहून निघायचे.

आता प्रश्न आधी निघतात. वस्तू विमानात चढण्यापूर्वी तिची माहिती त्या देशात पोचलेली असावी लागते. ही काही आपल्या पोस्टाची लहर नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात १८७४ साली जागतिक टपाल संघ स्थापन झाला, १८७६ पासून भारत त्याचा सभासद आहे. या संघाच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या परदेशी टपालाची सीमाशुल्काची माहिती संगणकावरून आगाऊ पाठवणं बंधनकारक झालं. त्याच्या मागेपुढे अमेरिकेने २०१८ मध्ये टपालातून येणारी अमली औषधं रोखण्यासाठी कायदा केला, युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून हवाई टपालासाठी अशीच पद्धत सुरू केली.

कारणं तीन आहेत. एक भीतीचं. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून अमेरिकेला निघालेल्या दोन हवाई पार्सलांत, छपाईयंत्राच्या शाईच्या डब्यांत लपवलेली स्फोटकं सापडली, एक दुबईत आणि एक इंग्लंडमध्ये. ती पोस्टाने नव्हे, खासगी कुरिअरने चालली होती, पण धसका सगळ्यांनीच घेतला. दुसरं कारण फेंटानिल. चिमूटभर पुरणारं हे द्रव्य साध्या पाकिटातून अमेरिकेत शिरत होतं आणि माणसं मरत होती. तिसरं कारण कराचं. घरबसल्या परदेशी खरेदी वाढली, कोट्यवधी लहान पुडकी सरहद्दी ओलांडू लागली आणि प्रत्येक सरकारला वाटू लागलं की यातून आपला महसूल निसटतो आहे. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून बावीस युरोपर्यंतच्या आयात मालाला असलेली करमाफी काढून टाकली, ती याच हिशेबाने.

तर आता खिडकीवर काय विचारतात? पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन. प्रत्येक वस्तूचं वर्णन, नग, वजन, किंमत. ती कुठल्या देशात बनली. आणि पाठवण्याचं कारण, म्हणजे भेट की विक्री की नमुना. शिवाय पाठवणाऱ्याचं ओळखपत्र. लहान टपालाला सीएन २२ नावाची चिठ्ठी, मोठ्याला सीएन २३ हा फॉर्म. यातली सगळी अक्षरं संगणकात जातात, तेरा खुणांचा एक क्रमांक पार्सलावर चिकटतो, ज्याच्या शेवटी आपल्या देशाचे ‘आय’ आणि ‘एन’ असतात. मग तिकडचा संगणक माहिती तपासतो. पटलं तर पार्सल पुढे. नाही पटलं तर अधिक माहिती मागवतो, पार्सल यंत्रातून तपासायला सांगतो किंवा ‘विमानात चढवू नका’ असा निरोप देतो.

खरी गंमत वर्णनाची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा जर्मनीत असतो. दिवाळीच्या आधी त्या फराळाचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “सर, लिहा की खाऊ. अजून काय लिहायचं?” आता ‘खाऊ’ या शब्दात आपल्याला केवढं तरी कळतं, कुणी, कुणासाठी, किती जीव लावून केलं ते सगळं. संगणकाला त्यातलं काहीच कळत नाही. ‘गिफ्ट’, ‘घरगुती सामान’, ‘खाद्यपदार्थ’ असले मोघम शब्द तो नाकारतो. त्याला वस्तूचं नेमकं नाव लागतं, आणि नावासोबत एक आकडा.

हा आकडा ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या तक्त्यातला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एचएस कोड’ म्हणतात. १ जानेवारी १९८८ पासून तो लागू आहे. जगातली झाडून सगळी चीजवस्तू सत्त्याण्णव प्रकरणांत बसवली आहे आणि प्रत्येकीला सहा आकडे दिले आहेत. आपल्या देशाने त्याला आणखी दोन जोडून आठ केले. आपल्या तक्त्यात पापडाला स्वतंत्र आठ आकडे आहेत, १९०५ ९० ४०. काचेच्या बांगड्या ७०१८ खाली येतात. भाईंदरला ज्यांचे कारखाने आहेत त्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना ७३२३. चिवडा-शेव आणि मिठाई मात्र एकाच २१०६ च्या छपराखाली नांदतात. हे ऐकून काकू म्हणाल्या, “म्हणजे लाडू आणि चिवडा एकच? त्यांना चव कळते का हो?” मी त्यांना एवढंच सांगितलं की पेढे काढून ठेवा, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात असे खासगी पार्सलातून जाऊ देत नाहीत.

माझ्या आवडीची पानं या तक्त्यात वेगळी आहेत. छापील पुस्तक ४९०१, नियतकालिक ४९०२, म्हणजे माझा कवितासंग्रह आणि दिवाळी अंक शेजारी-शेजारी. पण हाताने लिहिलेला मजकूर ४९०६ मध्ये, वास्तुशिल्पज्ञांच्या हाताने काढलेल्या नकाशांबरोबर. कवितेला इतका भक्कम शेजार कुठल्याही समीक्षकाने दिलेला नाही. सत्त्याहत्तरावं प्रकरण तर अख्खं रिकामं आहे, पुढे कधी लागेल म्हणून राखून ठेवलेलं. मला ते फार आवडतं. आणि गोधडी? रजया, गोधड्या यांना २०२२ च्या आवृत्तीत पहिल्यांदा वेगळं घर मिळालं, ९४०४ ४०. तोवर त्या ‘इतर’ मध्ये होत्या.

आकडे आले की माणुसकी गेली, असं मी म्हणणार नाही. आपल्या पत्त्यातला पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातले, डाकतार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची दहा गावं, पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले, हस्ताक्षरं दिव्य. त्या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. ४०११०७ लिहिलं की पत्र मीरा रोडलाच येतं, मग वर नाव उर्दूत असो की गुजरातीत. पिनकोडने माझं नाव पुसलं नाही, उलट माझ्यापर्यंत पोचायला मदत केली.

पण या नव्या माहितीत नावाचीही छाननी होते, आणि तिथे मात्र माझ्या मनात कुसळ राहतं. कुठल्याही सुरक्षा यंत्रणेकडे संशयितांच्या याद्या असतात. संगणक नावाशी नाव ताडून बघतो. माझ्या नावाची माणसं जगात हजारोंनी असतील, आणि रोमन लिपीत एकाच मुस्लिम नावाची पाच-सहा स्पेलिंगं होतात. आधार कार्डावर एक, पासपोर्टवर दुसरं, वीजबिलावर तिसरं. यंत्राला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. एका वर्षी इंग्लंडला आपाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे पाठवलेलं पार्सल वाटेत कुठेतरी तीन आठवडे अडकून पडलं. कुठल्या देशात, कुठल्या कचेरीत, कशासाठी, ते कुणीच सांगितलं नाही. कदाचित कारण अगदी साधं असेल, रजेचा माणूस असेल. पण कारण कळत नाही तेव्हा माझ्यासारख्याचं मन आधी आपल्या नावाकडेच जातं. आपण ज्यांना मत देत नाही अशा सरकारच्या संगणकात आपली माहिती जाते, ती तिथे किती काळ राहते आणि कोण बघतं, हे पार्सल पाठवणाऱ्याला कळायला हवं, असं माझं मत आहे. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण बाहेर गेलेल्या माहितीवर त्याचा हात कुठवर पोचणार?

तोवर एक उपाय हाताशी आहे. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच फॉर्मवर लिहा, वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहा, फोन नंबर टाका. माहिती जितकी भरघोस, तितका आपण दुसरा कुणी नसल्याचा पुरावा मोठा. किंमतही खरी लिहा. कर वाचावा म्हणून लोक दोन हजारांच्या साडीची किंमत दोनशे घालतात. मग ती हरवली तर भरपाई मागायला तोंड उरत नाही. इंग्लंडला एकोणचाळीस पौंडांपर्यंतची खासगी भेट करातून सुटते, युरोपीय संघात पंचेचाळीस युरोंपर्यंतची. खोटं लिहिण्याची गरज बहुतेक वेळा पडतच नाही.

ज्यांचं पोट पार्सलावर आहे त्यांची गोष्ट वेगळी. खोटे दागिने, भांडी, पापड विकणाऱ्या लहान माणसांसाठी २०२२ पासून पोस्टाने डाकघर निर्यात केंद्रं काढली, देशभरात हजाराहून अधिक. निर्यातीचा कागद घरूनच संगणकावर भरता येतो, कस्टमच्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. सोय उत्तम. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी बंद केली, तो कर कुणी आणि कसा गोळा करायचा हे स्पष्ट नव्हतं, आणि आपल्या पोस्टाला अमेरिकेचं टपाल थांबवावं लागलं. १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झालं, कर इकडेच आगाऊ भरण्याच्या बोलीवर. त्या वर्षी दिवाळी होती २० ऑक्टोबरच्या सुमारास. मधल्या दीड-पावणेदोन महिन्यांत ज्या बाईने भाजणी भाजून, चकल्या करून पैसे जोडायचे ठरवले होते, तिचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. हा सारा नियम वस्तूंसाठी आहे. साधं पत्र आणि कागदपत्रं त्यातून वगळलेली आहेत. पाकिटात नुसता लिहिलेला कागद असेल तर ना आकडा लागतो, ना किंमत, ना वर्णन. म्हणून आपाची गोधडी मी पार्सलाने पाठवतो, ‘सुती, हाताने शिवलेली, नग एक, वजन दोन किलो’ असं व्यवस्थित लिहून, आणि तिच्यासाठी लिहिलेला कागद वेगळ्या पाकिटातून. पाकीट बहुतेक वेळा आधी पोचतं.