बांधकामें कां रखडतात ?

आपल्या खिडकींतून दिसणारी एखादी अर्धवट इमारत आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाची असेल. चार मजल्यांपर्यंत खांब चढलेले, त्यांतून गंजलेल्या सळया वर डोकावत असलेल्या, बांबूची परांची तशीच उभी, आणि खालीं रेतीच्या ढिगावर गवत उगवलेलें. काम कां थांबलें, असें शेजाऱ्यांस विचारलें तर कोणी सिमेंटचे भाव सांगतो, कोणी पावसाचें नांव घेतो, कोणी कोर्टाचा मनाईहुकूम झाल्याचें खात्रीपूर्वक सांगतो. हीं कारणें खोटीं असतात असें नाहीं. परंतु आयुष्याचीं पुष्कळ वर्षें बांधकामावर काढलेल्या माझ्यासारख्या इंजिनियरास विचाराल, तर मी आधीं उलट प्रश्न करीन : तेथील माणसांस शेवटचे पैसे केव्हां मिळाले होते ?

बांधकामाचा धंदा बाहेरून दिसतो तसा एका धन्याचा नसतो. काम देणारा एक. त्याच्याशीं करार करणारा मुख्य कंत्राटदार दुसरा. तो सेंटरिंग एकाला, सळया बांधणें दुसऱ्याला, गिलावा तिसऱ्याला असें वांटून देतो. पोटकंत्राटदार मुकादमास गांठतो, आणि मुकादम आपल्या मुलखांतून किंवा शहराच्या नाक्यावरून माणसें गोळा करतो. या उतरंडीवरून पैसा खालीं येतांना प्रत्येक पायरीवर थोडा थबकतो. झालेलें काम मोजावयाचें, तें मापपुस्तकांत उतरावयाचें, वरिष्ठानें तपासावयाचें, मग बिल, मग मंजुरी. वर पंधरा दिवसांचा उशीर झाला कीं तळाशीं पोंचेपर्यंत त्याचे दोन महिने होतात, कारण मधला प्रत्येक जण हातीं आलेल्या पैशांतून आधीं आपलें देणें भागवतो. मोठ्या कंत्राटदाराच्या पाठीशीं बँक असते. मुकादमाच्या पाठीशीं कोण ? मालाचा दुकानदार, आणि त्यानें हात आखडला तर खुद्द मजूर. मजूर दर आठवड्यास खर्चीपुरतें घेतो आणि उरलेली मजुरी मुकादमाच्या वहींत ठेवतो. हिशेबाच्या भाषेंत बोलावयाचें तर शहरांतल्या टोलेजंग इमारतींना त्यांतल्या सर्वांत गरीब माणसानें दिलेलें हें बिनव्याजी कर्ज आहे.

नोकरीच्या आरंभीं मी एका इमारतीवर देखरेखीस होतों. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचें सेंटरिंग निम्म्याहून अधिक झालें होतें. मागील कामाचीं मापें तपासून सही करणारे साहेब रजेवर गेले. त्यांच्या जागीं आलेल्या गृहस्थांनीं, न पाहिलेल्या कामावर मी सही कशी करूं, असें म्हटलें. आणि त्यांचें चुकलें असें आजही मला म्हणवत नाहीं. पांच आठवडे गेले. सुतार मंडळी होळीला म्हणून गांवीं गेली ती परतली नाहीं. पुढें पैसे आले, परंतु आतां हात नव्हते. नवे सुतार मिळून काम पुन्हां रंगास येतें न येतें तोंच पहिला पाऊस झाला, फळ्या फुगल्या, आणि सगळें उतरवून पुन्हां बांधावें लागलें. विलंबाच्या अहवालांत कारण म्हणून 'पर्जन्य' असा एकच शब्द लिहिला गेला. तो लिहिणारा मीच होतों.

हा रोग आजचा नाहीं. बोरघाटांतून लोहमार्ग काढण्याचें काम १८५६ सालीं फॅव्हिएल नांवाच्या इंग्रज कंत्राटदारानें सुरू केलें. हजारों मजूर दऱ्याखोऱ्यांत पसरलेले. त्यांच्याशीं व्यवहार पोटकंत्राटदार आणि मुकादम यांच्या हातून. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली, देखरेख करणाऱ्या युरोपियनांवर हल्ले झाले, आणि सरकारास चौकशी करावी लागली. त्याच वर्षीं फॅव्हिएलनें कंत्राट सोडलें. नंतरचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट स्वतःच्या नांवावर पुढें चालवलें, दोघां अनुभवी इंजिनियरांवर काम सोंपवलें, आणि १८६३ सालीं घाटाचा मार्ग खुला झाला. ऐन भरांत तेथें ४२,००० हून अधिक माणसें राबत होतीं. पटकीनें किती गेलीं याची गणती करणें तेव्हांही अवघड होतें. पुण्याहून मुंबईस जातांना खंडाळ्याच्या बोगद्यांत दिवे लागतात, त्या वेळीं माझ्या मनांत ही मजुरीची दंगल येते.

आतां आपल्याच डोळ्यांदेखत झालेलें काम पाहूं. १९९० च्या जुलैमध्यें कोंकण रेल्वेची कंपनी स्थापन झाली. केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ हीं राज्यें तिचीं भागीदार, आणि प्रमुख ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळुरापर्यंत सुमारें ७४० किलोमीटरांचा मार्ग; नव्वदाहून अधिक बोगदे, त्यांत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा; लहानमोठे पूल दोन हजारांच्या घरांत, आणि रत्नागिरीजवळ पानवळ येथील पूल तर ६४ मीटर उंच. पैसा मुख्यतः कर्जरोखे विकून उभा केलेला. म्हणजे ज्या दिवशीं काम बंद त्या दिवशींही व्याज चालूच ! कचेऱ्यांतून उलट मोजणारीं घड्याळें लावलेलीं होतीं. किती दिवस गेले तें न दाखवतां किती उरले तें तीं दाखवीत.

श्रीधरन यांच्या शिस्तीच्या गोष्टी सर्वांच्या तोंडीं आहेत. मला त्या घड्याळांपेक्षां दोन साध्या गोष्टींचें महत्त्व अधिक वाटतें. पहिली अशी, कीं सगळा मार्ग सात विभागांत वांटून प्रत्येकावर एक मुख्य इंजिनियर जागेवरच बसवला, आणि निर्णयाचा अधिकार त्याच्या हातीं दिला. डोंगर कोसळला तर काय करावें, हें विचारण्यासाठीं त्याला दूरच्या कचेरीच्या पत्राची वाट पाहावी लागत नसे. दुसरी गोष्ट बिलांची. कंत्राटदाराचें बिल आलें कीं त्यांतील मोठा भाग ताबडतोब द्यावयाचा, आणि बारीक तपासणी मागाहून करून उरलेला चुकता करावयाचा, अशी पद्धत ठेवली. यांत धोका आहे. कोणी खोटें बिल देईल, एखाद्या इंजिनियरावर बालंट येईल. परंतु तपासणीसाठीं सगळेंच अडवून धरण्याची किंमत किती, हें मी त्या फुगलेल्या फळ्यांवरून शिकलों आहें.

जमिनीचें प्रकरण याहून नाजूक. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालक, आणि त्यांतले पुष्कळ दोन-चार कलमांचे, एखाद्या नारळाच्या वाडीचे धनी. कंपनीचीं माणसें घरोघर गेलीं, पडवींत बसलीं, बोललीं. कोंकणी माणसाला आपल्या आंब्याच्या झाडाविषयीं काय वाटतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या कामाची कल्पना यावी.

तरीही ठरलेल्या पांच वर्षांत गाडी धांवली नाहीं. १९९३ सालीं गोव्यांत मार्गाविरुद्ध आंदोलन झालें. शेती आणि खाजणें वांचावीं असें लोकांचें म्हणणें होतें, आणि फेरविचार होईपर्यंत तेथील कामास खीळ बसली. ज्यांच्या जमिनीवरून मार्ग जावयाचा त्यांना विचारण्यांत गेलेला वेळ मी विलंबांत धरीत नाहीं. तो आराखड्यांतच धरलेला असावयास हवा होता. मग पेडण्याचा बोगदा. लांबी अवघी दीड किलोमीटरांच्या आसपास, परंतु आंत खडकाऐवजीं ओली मऊ माती. खणावें तों वरून ओघळावी, अशी स्थिति. सर्व मार्ग १९९८ च्या जानेवारींत पुरा झाला, आणि खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीपलीकडे गेला. २०२४ च्या जुलैंत याच पेडण्याच्या बोगद्यांत पाणी शिरून गाड्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. उत्तम व्यवस्थेनें सही लौकर मिळते. माती खडक होत नाहीं.

आणि एक गोष्ट राहिली. कंत्राटदारापर्यंत पैसा वेळेवर गेला, म्हणजे तो मुकादमाच्या वहीपर्यंतही तसाच गेला, असें धरून चालतां येत नाहीं. रत्नागिरी स्थानकावर या मार्गाच्या कामांत प्राण गमावलेल्यांचें स्मारक आहे. गाडी तेथें थांबते तेव्हां आपण बहुधा चहावाल्यास शोधीत असतों. मीही तेंच केलें आहे; स्मारक मी तिसऱ्या खेपेस पाहिलें.

सरकार स्वतःच धनी असलें म्हणजे पैसा वेळेवर येतो, असेंही नाहीं. २०२५ सालीं महाराष्ट्रांतील कंत्राटदारांच्या संघटनांनीं सरकारी कामांच्या थकलेल्या बिलांसाठीं आंदोलनें केलीं. कंत्राटदारांविषयीं सहानुभूति दाखविण्याची आपल्याकडे रीत नाहीं, आणि त्यास कारणेंही आहेत. परंतु त्यांची थकबाकी वाचतांना खालच्या पायऱ्या मोजीत जावें.

मजुरांसाठीं कायदा झाला तो १९९६ सालीं. बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यावा आणि त्यांतून कल्याणकारी मंडळानें मजुरांस साह्य द्यावें, अशी योजना. उपकर जमला, वांटपाचें घोडें अडलें. हजारों कोटी रुपये मंडळांपाशीं पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं कडक शब्दांत नापसंती दर्शविली. नोंदणीसाठीं वर्षांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागे. जो मनुष्य दोन महिन्यांनीं जागा बदलतो आणि ज्याचें नांव मुकादमाच्या वहीवांचून कोठेंच नाहीं, त्यानें तो दाखला कोणाकडे मागावा ? २०२५ च्या नोव्हेंबरांत हा कायदा नव्या कामगार संहितांत सामावला गेला. उपकर राहिला, आणि दाखल्याचा प्रश्नही राहिला.

सदनिका घेणाऱ्या आपल्यासारख्यांचें संरक्षण त्या मानानें बरें झालें आहे. २०१६ च्या कायद्यानें ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकीं ७० टक्के वेगळ्या खात्यांत ठेवावे लागतात, आणि इंजिनियर, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवांचून तेथून काढतां येत नाहींत. काम कोठवर आलें हें घरबसल्या पाहतां येतें. मुकादमाचा हिशेब कोणत्या तारखेस मिटला, हें मात्र त्यांत नसतें. तें ज्यास पाहिजे असेल त्यानें संध्याकाळीं काम सुटतांना फाटकापाशीं उभें राहावें आणि एखाद्या सेंटरिंगवाल्यास विचारावें. तो प्रथम मुकादमाकडे पाहील, आणि मग उत्तर देईल.