संगणकातील कोणती शाखा निवडावी?



निकाल लागला की पालक विचारतात, "सर, मुलाला कॉम्प्युटरमध्ये घालायचं आहे. कुठला कोर्स चांगला?" माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. संगणक हा एक धंदा नव्हे, तो अनेक धंद्यांचा बाजार आहे. म्हणून आधी मुलाचा कल पाहा.

ज्याला कोडी सोडवण्याचा नाद आहे, चूक सापडेपर्यंत जो जागचा उठत नाही, त्याने प्रोग्रामिंगकडे वळावे. नोंदी नीट ठेवण्याची व आकड्यांतून अर्थ काढण्याची आवड असेल तर डेटाबेस व संख्याशास्त्र मानवेल. यंत्रे उघडून पाहणाऱ्याने नेटवर्किंग शिकावे. सायबर सुरक्षेचे आकर्षण पुष्कळांना असते. पण नेटवर्क कसे चालते हे ठाऊक नसलेला त्याची राखण काय करणार? तो विषय नंतरचा.

जाहिरातीला भुलू नका. वेबसाइटवरील हलत्या चित्रांसाठी फ्लॅश नावाचे साधन एके काळी जागोजागी शिकवले जाई. ३१ डिसेंबर २०२० नंतर कंपनीने त्याचा आधार काढून घेतला. केवळ तेवढेच शिकलेल्यांना पुन्हा श्रीगणेशा करणे भाग होते. उलट, एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली कोष्टकांची पद्धत आजही डेटाबेसचा पाया आहे. साधने बदलतात, पाया टिकतो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता साधे प्रोग्राम क्षणात लिहून देते. ते बरोबर की चूक हे ओळखायलाही पायाच लागतो. म्हणून गणित, तर्क आणि इंग्रजी वाचन सोडू नका.

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेता येते; तीनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. खाजगी क्लाससाठी दागिना गहाण टाकण्यापूर्वी एनपीटीईएलवरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मुलाला दोन महिने ऐकू द्या. ती विनामूल्य आहेत. मुलाचे मन रमते की नाही, ते तेवढ्यात कळेल.

आणि एक विनंती. मुलाला पदवी आणि मुलीला तीन महिन्यांचे टायपिंग, अशी वाटणी करू नका. कल तिचाही पाहा, खर्च तिच्यावरही करा.

'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. त्याचा नुसता अभिमान पुरेसा नाही. आपली मुले त्या विद्येत पारंगत झाली, तरच तो शोभेल.